दोनशे वर्षांपूर्वीचा कसबा : बलुते, बाजार आणि मजुरी



फर्दापूरला येणारा परगावचा माणूस बहुधा एकच चौकशी करतो : लेण्यांकडे जाणारा रस्ता कोणता? आपण हात करून दाखवतो आणि तो निघून जातो. गावात मोगल अमदानीतली सराई आहे, तिच्याकडे तो वळत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण गावकरी तरी तिच्याकडे कितीदा वळतो? पण बऱ्हाणपूरहून औरंगाबादेस जाणारा वाटसरू एके काळी याच सराईत उतरत असे. पुढे घाट चढायचा असे. बैल थकलेले, घोड्याचा नाल निघालेला, पखाल रिकामी. त्या घोड्याला नाल कोणी मारला? ती पखाल कोणी शिवली? त्याच्या भाकरीचे पीठ पहाटे कोणी दळले? याची नोंद सराईच्या भिंतीवर नाही.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या डोंगरात आला आणि त्याला लेणी दिसली. गुराख्यांना ती आधीच ठाऊक होती, पण जगाला ठाऊक झाली ती त्याच्यामुळे. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्या दिवशी खाली गावात कोणी तरी भाता फुंकीत असेल, कोणी चाक फिरवीत असेल, कोणी मोट दुरुस्त करीत असेल. त्यांनी आपली नावे कोठे कोरली नाहीत. आजचे माझे बोलणे त्यांच्याविषयी आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. जे काही वाचले ते कारखान्यातली पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ साली निघालेले ‘गावगाडा’ हे पुस्तक तेथेच हाती आले. ते मी एकदा नव्हे, तीनदा वाचले. कारण त्यात मला माझे आजोबा भेटले. आमचे घराणे याच डोंगरपट्ट्यातले, सुताराचे.

हा विषय मी का निवडला तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी हमालांच्या एका सभेत मी संघटनेचे महत्त्व सांगत होतो. मागे बसलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “भाऊ, आमच्या आज्याला कामावरून कुणी काढलं नव्हतं. बलुतं होतं तवर सुताराला सुतारकी होती, लोहाराला लोहारकी होती. तवा कुठं होती तुमची युनियन?” सभा हसली. मलाही हसू आले, पण उत्तर सुचले नाही. ते उत्तर शोधता शोधता मी दोनशे वर्षे मागे गेलो.

कसबा कशाला म्हणत?

साध्या गावाला मौजा म्हणत. परगण्यातले मुख्य गाव, जेथे सरकारी ठाणे असे आणि आठवड्याचा बाजार भरे, तो कसबा. कसब्याला लागून व्यापाऱ्यांची वस्ती वसवली म्हणजे ती पेठ. पेठ आपोआप वसत नसे. सरकार कौल देई : अमुक वर्षे जकात माफ, अमुक वर्षे घरपट्टी माफ, या आणि दुकाने घाला. पेठेच्या कारभाराला शेटे आणि महाजन असत, गावाच्या कारभाराला पाटील आणि कुलकर्णी, परगण्याला देशमुख आणि देशपांडे. गावाभोवती तट, तटाला वेस. आपल्या घाटावरच्या अजिंठा गावाचा तट आणि वेशी पाहिल्या म्हणजे त्या वसाहतीची कल्पना येते. सूर्यास्तानंतर वेस बंद होई. बाहेर राहिला तो बाहेरच.

आत धंद्याप्रमाणे आळ्या. पुण्यात आजही कासार आळी, तांबट आळी, बुरुड आळी ही नावे आहेत. जातीप्रमाणे धंदा आणि धंद्याप्रमाणे घर, अशी ती रचना होती. माणूस कोणत्या आळीत जन्मला यावर त्याचे हात आयुष्यभर काय करणार हे ठरे. महार आणि मांग यांची वस्ती तर गावकुसाच्या बाहेर. पाटलाला खबर द्यायची, शीव दाखवायची, सरकारी पैसा पोचवायचा, वाटसरूला पुढच्या गावी नेऊन सोडायचे, मेलेले जनावर ओढून न्यायचे ही सारी कामे महारांची. गाव त्यांच्यावाचून एक दिवस चालत नव्हते, आणि त्यांना वेशीच्या आत घर नव्हते. जुन्या गावाचे गोडवे गाताना ही गोष्ट पहिल्यांदा आठवावी, शेवटी नव्हे.

खळ्यावरची मजुरी

आता बलुत्याकडे येऊ. बारा बलुतेदारांची यादी गावोगाव थोडी बदलते. पण सुतार, लोहार, महार, मांग, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, जोशी, गुरव, मुलाणा, कोळी ही नावे बहुतेक ठिकाणी आढळतात. तेली, तांबोळी, साळी, सोनार, माळी, जंगम यांच्यासारखे अलुते वेगळे. कामाची गरज जशी, तशा बलुतेदारांच्या ओळी लावलेल्या असत : थोरली ओळ, मधली ओळ, धाकटी ओळ. थोरलीला अधिक, धाकटीला कमी.

सुताराने नांगर, कुळव, पाभर, तिफण करायची आणि मोडली तर दुरुस्त करायची, लाकूड कुणब्याचे. लोहाराने फाळ शेवटायचा, विळे-खुरपी घडवायची. लोखंड आणि कोळसा कुणब्याने आणायचा. चांभाराने मोट शिवायची, मांगाने दोर वळायचे. कुंभाराने मडकी द्यायची. न्हाव्याने डोकी करायची, लग्नकार्यात मशाल धरायची आणि पाहुण्याचे अंग रगडायचे. कोळ्याने चावडीवर आणि वरिष्ठांच्या मुक्कामी पाणी भरायचे. कामाचा दाम दर खेपेस मिळत नसे. सुगी आली, खळे झाले, म्हणजे प्रत्येकाने खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याच्या पेंढ्या घ्यायच्या किंवा धान्य मापून घ्यायचे. ज्या कुणब्याची औते अधिक, त्याच्याकडून बलुते अधिक.

हे बलुते भीक नव्हते. ते वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई. भावाभावांत त्याची वाटणी होई. त्यावर तंटा झाला तर तो गोतसभेपुढे किंवा सरकारात जाई. गावात दुसरा सुतार आणून बसवणे ही पाटलाच्याही मनावरची गोष्ट नव्हती. म्हाताऱ्या हमालाचे म्हणणे येथवर अगदी खरे आहे : बलुतेदाराला सहसा कोणी काढून टाकू शकत नसे. दुष्काळ पडला तर कुणबी आणि बलुतेदार दोघेही उपाशी, आणि पीक आले तर दोघांच्याही घरी दाणा. आजच्या कंत्राटी कामगाराने हे ऐकले तर त्याला हेवा वाटेल.

पण दुसरी बाजूही ऐका. माझ्या आजोबांची गोष्ट सांगतो. ती दोनशे वर्षांपूर्वीची नसून निजामशाहीच्या अखेरच्या काळातली आहे, पण रीत तीच. एका साली गावातल्या एका मोठ्या घरचे त्यांच्याशी काही बिनसले. खळ्यावर त्या घरच्या पेंढ्या आल्या, मोजून तितक्याच, पण मुठीएवढ्या बारीक. आजोबा काही बोलले नाहीत. पेंढ्या किती द्यायच्या हे ठरलेले होते. पेंढी केवढी बांधायची हे देणाऱ्याच्या हातात होते. त्यांच्या मनात जळगावला जाऊन दारे-खिडक्यांचे काम धरावे असे आले. गावकरी म्हणाले, पेरणीच्या तोंडावर सुतार गाव सोडतो म्हणजे काय? ते गेले नाहीत. बलुतेदाराला कोणी काढू शकत नसे हे जितके खरे, तितकेच त्याला सुटता येत नसे हेही खरे. हक्क होता, मोकळीक नव्हती.

बाजाराचा दिवस

ती मोकळीक थोडीशी मिळे ती बाजाराच्या दिवशी. बलुत्याबाहेर केलेला माल रोखीने विकण्याची जागा म्हणजे बाजार. कुंभाराची जादा मडकी, साळ्याचे लुगडे, बुरुडाच्या सुपल्या, तेल्याचे तेल, माळणीची भाजी, धनगराचे घोंगडे हे सारे त्या एका दिवशी एका मैदानात येई. दूध-दही, भाजीपाला विकायला बसत त्या बहुतेक बायका. घरी रात्री चरख्यावर काढलेले सूतही बायका बाजारात आणून साळ्याला, कोष्ट्याला, मोमिनाला विकत. कितीएक विधवांचा संसार त्या सुतावर चाले. हे सूत लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

लांबचा माल आणीत ते लमाण. गाडीरस्ते नव्हते, घाटातून बैलाच्या पाठीवरच्या गोणीतच माल जायचा. शेकडो, कधी हजारो बैलांचा तांडा कोकणातले मीठ घेऊन घाटावर येई आणि धान्य घेऊन परत जाई. वऱ्हाडचा कापूस तर पाठीवर लादून थेट गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जात असे. आपल्या सोयगाव तालुक्यात जे तांडे आज वस्ती करून आहेत, त्यांच्या पूर्वजांच्या बैलांवर त्या काळचा व्यापार आणि त्या काळची लढाई दोन्ही चालत. सैन्य कोणाचेही असो, पोटाला दाणा पोचवणारा लमाणच.

बाजारात शिरताच पहिला भेटे तो जकातदार. मालावर जकात, जागेची बैठक, धंद्यावर मोहतर्फा. त्याशिवाय फसकी. विकायला मांडलेल्या धान्यातून, भाजीतून हक्कदाराने मूठभर उचलायचे, ही फसकी. एक मूठ म्हणजे काय मोठेसे? पण पाटलाची मूठ, शेट्याची मूठ, देवाची मूठ, ठाण्यातल्या शिपायाची मूठ अशा मुठी पडत गेल्या म्हणजे माळणीच्या पाटीचा तळ दिसू लागे. आजच्या हातगाडीवाल्याला हा प्रकार समजावून सांगायला नको.

मग मापाचा प्रश्न. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हा हिशेब तोंडपाठ. पण या गावचा शेर त्या गावाला चालेल याची खात्री नाही. नाण्यांची तीच तऱ्हा. पुण्याकडे अंकुशी, नाशिक-खानदेशाकडे चांदवडी, औरंगाबादेकडे गोविंदबक्षी, आणि गरिबाच्या कनवटीला तांब्याची शिवराई. परक्या रुपयाला बट्टा पडे. बट्टा किती, हे सराफ सांगेल तेवढा. पुढे पेस्तनजी आणि विकाजी मेरजी या पारशी बंधूंनी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावला, आणि औरंगाबादच्या टांकसाळीतून पडलेला रुपया तर ‘पेस्तनशाही’ म्हणूनच ओळखला गेला. एका सावकाराच्या नावाने रुपया चालावा, यावरून पैशाच्या राज्यात खरे राज्य कोणाचे होते ते समजते.

बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवीत. ज्याचा बैल, त्यालाच भाव शेवटी कळे. आणि महार-मांगांना दुकानाची पायरी चढता येत नसे. पैसा लांबून ठेवायचा आणि माल लांबूनच घ्यायचा. म्हणजे बाजार मोकळा खरा, पण सर्वांना सारखा मोकळा नव्हे.

धरणे आणि तगादा

बाजार आला की उधारी आली. बहुतेक कुणबी सावकाराचे देणेकरी होते. पुण्याजवळच्या लोणी या गावाची पाहणी टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पेशवाई बुडाल्याबरोबर केली, तीत कर्जाचा हा डोंगर दिसतोच. देणे वसूल करण्याची त्या काळची रीत मोठी विलक्षण होती. धनको ऋणकोच्या दारात जाऊन बसे. हे धरणे. धनको उपाशी, तोवर घरधन्यानेही जेवायचे नाही. शेजारीपाजारी गोळा होत, लाज वाटे, तडजोड निघे. नोकरीचा पगार थकला म्हणजे शिपाई आपल्या सरदाराला याच रीतीने अडवून बसत. १८१९ सालच्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने या तगाद्याची दखल घेतली आहे.

इंग्रजी कायद्याला ही रीत आवडली नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ खाली जे उदाहरण दिले होते, ते नेमके दुसऱ्याच्या दारात धरणे धरून बसणाऱ्याचे. आम्ही कामगार कचेरीपुढे सतरंजी घालून बसतो, तेव्हा बाहेरून आणलेली नवी गोष्ट करीत नाही. थकलेल्या पगारासाठी बसलेल्या शिपायाची ती जुनी बैठक आहे. शब्दही तोच. हरताळ हा शब्दही बाजारातलाच. जुलमी कर बसला की व्यापारी दुकानांना टाळे लावून बसत, तो हरताळ.

शब्दांचे असे आणखी एक-दोन नमुने सांगतो. जुन्या कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. आज ‘मुकादम’ म्हणजे ऊसतोडीची टोळी उचलणारा. पद उतरले, पण उचल देऊन माणसे बांधून ठेवण्याची ताकद उतरली नाही. आणि ‘संप’? शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकोपा. काम बंद करणे हा संपाचा परिणाम. संप म्हणजे मुळात एकत्र येणे.

त्याच काळी इंग्लंडात

२३ सप्टेंबर १८०३ रोजी येथून फार दूर नाही अशा असई गावी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्लीची इंग्रज फौज यांची लढाई झाली. जखमी इंग्रज सैनिकांना अजिंठ्याला आणून ठेवले होते. त्या युद्धाच्या पाठोपाठ दख्खनवर दुष्काळ आला. फौजांनी वैरण खाल्ली, पावसाने दगा दिला, गावेच्या गावे ओस पडली. बलुत्याचा आधार येथे संपला. खळेच नाही, तर बलुते कशाचे?

ज्या देशाने ती लढाई जिंकली, तेथला कारागीर तेव्हा सुखात असेल असे आपल्याला वाटते. तसे नव्हते. तेथल्या लहान बाजारगावातही आठवड्याचा बाजार भरे. लोहार, खोगीर करणारा, पिंपे बांधणारा, जोडे शिवणारा, मोजे विणणारा असे आपल्या बलुतेदारांसारखेच कारागीर तेथे होते. धंदा शिकायला सात वर्षांची उमेदवारी लागे, आणि मजुरीचे दर गावच्या न्यायाधीशांनी ठरवावेत असा १५६३ सालचा कायदा होता. तोही एक प्रकारचा बांध, आणि एक प्रकारचा आधार. कारखानदारांना तो अडचणीचा वाटू लागला, तेव्हा मजुरीची कलमे १८१३ साली आणि उमेदवारीची १८१४ साली काढून टाकण्यात आली. कारागीर मोकळा झाला, असे सांगण्यात आले.

पण मोकळ्या कारागिराने एकत्र येऊ नये, याचा बंदोबस्त आधीच झाला होता. १७९९ आणि १८०० साली पार्लमेंटाने मजुरांच्या संघटनांना बंदी करणारे कायदे केले. असईला तोफा वाजत होत्या, त्या दिवशी इंग्लंडात चार विणकरांनी मिळून मजुरी वाढवून मागणे हा गुन्हा होता. १८११ पासून नॉटिंगहॅमच्या बाजूला मोजे विणणाऱ्यांनी रात्री यंत्रे फोडली, तेव्हा १८१२ साली यंत्र फोडणाराला फाशी ठरवण्यात आली. त्या विधेयकाविरुद्ध लॉर्ड्सच्या सभेत बोलायला बायरन हा कवी उभा राहिला, पण कायदा झालाच. संघटनाबंदी १८२४ साली उठली. तरी १८३४ साली टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची शपथ घेतल्याबद्दल सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोकांनी मोठी चळवळ केली, तेव्हा १८३६ साली त्यांना माफी मिळाली. आज जी गोष्ट आपण एक अर्ज भरून करतो, तिच्यासाठी सहा गरीब माणसे जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडली गेली होती.

मजुरीच्या ऐवजी मालकाच्या दुकानातला माल गळ्यात मारण्याची रीतही तेथे होती. १८३१ साली कायद्याने ती बंद करावी लागली. आमच्या पेंढीचे आणि त्यांच्या मालाचे नाते जवळचे आहे. देणारा ठरवील ती पेंढी, देणारा ठरवील तो माल.

सूत तुटले, मग बलुते

आता त्या चरख्यावरच्या सुताकडे परत येऊ. १८१४ साली इंग्लंडातून हिंदुस्थानात दहा लाख वारांपेक्षाही कमी सुती कापड आले होते. १८३५ साली ते पाच कोटी दहा लाख वारांच्या वर गेले. कापडाबरोबर यंत्राचे सूतही आले. कोष्ट्याने, मोमिनाने काही काळ तग धरला, कारण स्वस्त सूत त्यालाही परवडले. पैठणी टिकली, औरंगाबादचे हिमरू टिकले. पण बाजारात सुताची गुंडी घेऊन बसणाऱ्या विधवेला गिऱ्हाईक उरले नाही. यंत्राने आपल्याकडे पहिल्यांदा बेकार केले ते एका बाईला, आणि तिच्यासाठी कोणी हरताळ केला नाही. तिचे नाव कोणत्याही वतनाच्या कागदावर नव्हते.

बलुते त्यानंतर मोडत गेले. सारा रोखीने भरावा लागला, म्हणून कुणब्याने पीक खळ्यावरूनच व्यापाऱ्याला दिले. १८६० च्या दशकात खानदेशातून आगगाडी धावू लागली आणि लमाणांच्या बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. तयार लोखंड, तयार कापड, पत्र्याची बादली आली. चांभाराची मोट, कुंभाराची घागर मागे पडली. एकाएकी काही झाले नाही. आमच्या भागात माझ्या आजोबांनी बलुते घेतले, वडिलांनी ते शेवटचे शेवटचे पाहिले. १९७२ च्या दुष्काळात खळेच झाले नाही, आणि वडील औरंगाबादेस कामाला गेले. त्यांनी रंधा बरोबर नेला होता. तो शेवटपर्यंत आमच्या घरात खुंटीला होता.

काहींसाठी हे मोडणे म्हणजे सुटका होती, हेही सांगितले पाहिजे. महार वतन ही गुलामीची साखळी आहे, ती तोडली पाहिजे, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ज्या हक्काबरोबर वेठ येते, तो हक्क माणसाला नको असतो.

शहरात गेलेल्याला मात्र मोकळीक मिळाली आणि हक्क गेला. मुंबईच्या पहिल्या गिरणीचा पाया १८५४ साली पडला. तेथे सुतार असो की कुणबी, रोज मिळाला तर पैसा, नाहीतर दार बंद. गावात अमावास्येला औत धरीत नसत. बैलाला महिन्याकाठी एक दिवस हक्काची विश्रांती होती. गिरणीतल्या माणसाला तेवढीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संस्था उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले; रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण पुढे केले. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. जे बैलाला रूढीने मिळत होते, ते माणसाला संघटनेने मिळवावे लागले.

माझेच सांगायचे तर, मी अठराव्या वर्षी एका कारखान्यात लागलो. सात वर्षांनी एका सकाळी फाटकावर चिठ्ठी हातात दिली : उद्यापासून येऊ नये. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी फाटके पुष्कळ आहेत. आजोबांना सोडता येत नव्हते आणि मला राहता येत नव्हते. त्या चिठ्ठीनंतर मी संघटनेचे काम धरले.

म्हाताऱ्याला उत्तर

तर त्या म्हाताऱ्या हमालाला आज मी काय सांगेन? बाबा, तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. बलुत्यात हक्क होता, मोकळीक नव्हती. मजुरीत मोकळीक आहे, हक्क नाही. आपल्याला दोन्ही एका ठिकाणी पाहिजेत, आणि ही स्वप्नातली गोष्ट नव्हे. ज्या हमालांच्या सभेत तुम्ही हा प्रश्न विचारलात, त्यांच्यासाठीच महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात हमाल एका व्यापाऱ्याचा बांधील नाही, त्याची नोंद मंडळाकडे. व्यापारी मजुरी मंडळात भरतो, वर लेव्ही भरतो, आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस निघतो. माल कोणाचाही उचला, हक्क तुमच्या नावावर जमतो. बलुत्यातली खात्री आणि बाजारातली मोकळीक यांची गाठ त्या कायद्याने घातली, आणि तो कायदा हमालांनी एकत्र येऊन मिळवला. जेथे नोंदणी होत नाही, लेव्ही चुकवली जाते, तेथे ती गाठ सुटते. म्हणून युनियन.

एवढे सांगून मी तुम्हाला एक विनंती करतो. आता घरी जाताना सराईवरून जा. दगडावर दगड नीट बसवलेला आहे; तो कोणी बसवला ते कळायला मार्ग नाही. पण आपल्या गावात आज भिंत कोण बांधतो, गोणी कोण उचलतो, लेण्यांच्या वाटेवर पाहुण्यांना चहा कोण पाजतो, त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. त्यांना महिन्याकाठी काय मिळते आणि आजारी पडल्यावर काय मिळते, एवढे त्यांना विचारा. माझे भाषण येथे संपते. तुमची चौकशी तेथून सुरू व्हावी.